बहुवाहिनी तबकडी आणि तिची डिजिटल प्रत : माडिया गीतांच्या अभ्यासाच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, हेमलकसा व त्याच्या आसपासच्या गावांत, माडिया गोंडांची जी गीते गायिली जातात त्यांत रेला या नृत्यगीताला विशेष स्थान आहे. रेला हे एकट्याने बसून गावयाचे गीत नव्हे. गाणारे हातांत हात गुंफून फेर धरतात. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो. आणि फेर फिरत असताना स्वर येण्याची दिशाही पालटत राहते. फेराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या श्रोत्याला हे गीत समोरून ऐकू येत नाही. ते त्याच्या चोहोबाजूंना असते. नेहमीच्या दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणात हा सारा फेर श्रोत्यापुढील एका रेषेवर आणून मांडला जातो. पाठीमागचा गट कोणता आणि पुढचा कोणता, कोणी आरंभ केला आणि कोणी उचलले, हे कळण्याचे साधन त्यामुळे पुष्कळसे नाहीसे होते.

श्रोत्याच्या भोवतीचा ध्वनी टिपण्याची व पुन्हा उभा करण्याची विद्या संगीताच्या व्यवसायात सुमारे अर्धशतकाहून अधिक काळ वाढत आली आहे. सामान्यतः तिला ‘सराउंड साउंड’ म्हणतात. तिच्या तबकड्या अनेक प्रकारच्या निघाल्या. परंतु त्या वाजविणारी यंत्रे आता दुर्मिळ होत चालली आहेत, आणि नव्या संगणकांना बहुधा तबकडी वाचण्याची सोयच नसते. ज्याच्या संग्रही अशा तबकड्या आहेत त्याला त्यांवरील ध्वनी स्वतःच्या उपयोगासाठी संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. क्षेत्रीय मुद्रणे तबकड्यांवर साठवून ठेवलेल्या अभ्यासकापुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

या प्रतिलेखनाचे तंत्र कोणते, त्यात काय हरवू शकते आणि कायदा त्याला कोठवर अनुमती देतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. विवेचनाचे सूत्र आरंभीच सांगणे बरे. प्रत करताना निवड होता कामा नये. कोणता ध्वनी महत्त्वाचा आणि कोणता गौण हे ठरविणे अभ्यासकाचे काम आहे. ते काम प्रत करणाऱ्या यंत्रावर सोपविले की अभ्यासाचा विषयच संकोच पावतो.

२. ध्वनीची आकड्यांतील नोंद

डिजिटल ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतारांची ठराविक अंतराने घेतलेली मापे होत. दर सेकंदाला किती मापे घेतली, त्या संख्येस नमुना-दर म्हणतात. आणि प्रत्येक माप किती बारकाईने लिहिले हे त्याच्या बिटसंख्येवरून ठरते. १९८२ साली विक्रीस आलेल्या सीडीवर नमुना-दर सेकंदाला ४४,१०० व बिटसंख्या १६ आहे. नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधांशी निगडित असलेला सिद्धान्त असा की, नमुना-दराच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येचेच ध्वनी अशा नोंदीत यथार्थ उतरतात. म्हणजे सीडीची वरची मर्यादा २२,०५० कंपने होय. मनुष्याच्या कानाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडचे ऐकू येत नाही. म्हणून श्रवणापुरती ही मर्यादा पुरेशी ठरते.

वाहिनी म्हणजे अशा मापांची एक स्वतंत्र मालिका. एका वाहिनीच्या मुद्रणात दिशेची माहिती जवळजवळ नसते. दोन वाहिन्यांत डावे-उजवे कळते. कानाला दिशा उमगते ती मुख्यतः दोन्ही कानांशी ध्वनी पोचण्यातील सूक्ष्म कालभेदामुळे व तीव्रतेच्या फरकामुळे. हा कालभेद सेकंदाच्या एक हजारांश भागाहूनही कमी असतो. पाठीमागचा ध्वनी पाठीमागेच ठेवावयाचा तर तेथे ध्वनिक्षेपक हवा, आणि त्याच्यासाठी वेगळी वाहिनीही हवी.

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या मांडणीला ‘पाच-एक’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९२ मध्ये शिफारस केलेल्या रचनेत एक ध्वनिक्षेपक श्रोत्याच्या अगदी समोर, दोन त्याच्या डाव्या-उजव्या अंगांस ३० अंशांवर आणि दोन किंचित पाठीमागे सुमारे ११० अंशांवर असतात. सहावी वाहिनी केवळ अतिमंद ध्वनींसाठी राखलेली असते. तिची व्याप्ती थोडी म्हणून ती ‘एक दशांश’ गणली जाते.

या सहा वाहिन्यांचा भार किती होतो हे गणिताने पाहण्याजोगे आहे. सीडीच्या मापाने दोन वाहिन्यांच्या एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. नमुना-दर ९६,००० व बिटसंख्या २४ धरल्यास सहा वाहिन्यांचा एक तास सुमारे ६.२ गिगाबाइट व्यापतो, म्हणजे जवळजवळ दहापट. तबकड्यांच्या रचनेत आणि त्यांची प्रत करण्यात ज्या अडचणी येतात त्यांतील बहुतेकींचे मूळ या संख्येत आहे.

३. तबकड्यांचे प्रकार

बहुवाहिनी तबकड्यांचे प्रकार नीट ओळखले नाहीत तर प्रत झाली असे वाटते, परंतु हाती अर्धेच येते. म्हणून त्यांचा कालानुक्रमे विचार करणे इष्ट आहे.

१९७० नंतरच्या काही वर्षांत चार वाहिन्यांच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या. त्यांत दोन पद्धती होत्या. एस-क्यू यासारख्या पद्धतीत चार वाहिन्या दोन वाहिन्यांत कलाभेदाच्या आधारे मिसळलेल्या असतात. त्यामुळे प्रतीत दोन्ही वाहिन्यांचा परस्परसंबंध तिळमात्र बिघडता कामा नये. सीडी-४ या पद्धतीत मागील वाहिन्यांची माहिती ३०,००० कंपनांच्या वाहक लहरीवर लादलेली असते, आणि तिचा विस्तार सुमारे ४५,००० कंपनांपर्यंत जातो. ही तबकडी कोणी सीडीच्या नमुना-दराने उतरविली तर २२,०५० च्या वरचे सारे गळते आणि त्याबरोबर पाठीमागच्या वाहिन्याही नाहीशा होतात. ऐकणाऱ्याला मात्र प्रतीत काही उणे जाणवत नाही. जे कानाला ऐकू येत नाही ते निरर्थक असतेच असे नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचित सापडेल.

डीटीएस सीडी ही दिसावयास साधी सीडी असते. तिच्यावर सहा वाहिन्या संक्षिप्त रूपात, परंतु दोन वाहिन्यांच्या नेहमीच्या आकड्यांच्या वेषात लिहिलेल्या असतात. ती संगणकावर उतरविली व तशीच वाजविली तर केवळ खरखर ऐकू येते. ही खरखर म्हणजे बिघाड नव्हे. ती न उलगडलेली माहिती आहे. फाइलचा आवाज किंचित वाढविला किंवा नमुना-दर बदलला तरी आकडे बदलतात आणि उलगडा करणे कायमचे अशक्य होते. ज्याला खरखर दुरुस्त करण्याचा मोह होतो त्याच्या हातून मूळ ऐवज नष्ट होतो.

चित्रपटांच्या व संगीतमैफलींच्या डीव्हीडींवर बहुधा डॉल्बी डिजिटल ही योजना आढळते. १९९२ साली ती चित्रपटगृहांत आली. ती मुळातच काही माहिती गाळून ध्वनी लहान करते. डीव्हीडीवर तिचा प्रवाह सेकंदाला फार तर ४,४८,००० बिटांचा असतो. याउलट २००० च्या सुमारास बाजारात आलेल्या डीव्हीडी-ऑडिओ तबकडीवर मेरिडियन लॉसलेस पॅकिंग या पद्धतीने काहीही न गाळता ध्वनी आटोपशीर केलेला असतो, आणि सहा वाहिन्या ९६,००० च्या नमुना-दराने व २४ बिटांनी मिळू शकतात.

सोनी व फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेली सुपर ऑडिओ सीडी ही सर्वांत निराळी. तिच्यावर १६ किंवा २४ बिटांची मापे नसतात. एकेक बिटाची मापे सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट वेगाने, घेतलेली असतात. अशा पुष्कळ तबकड्यांना दोन थर असतात, एक साध्या सीडीचा आणि दुसरा उच्च प्रतीचा. संगणकाची सामान्य ड्राइव्ह फक्त पहिला थर वाचते. तबकडी संगणकात घातली, प्रत निघाली, ऐकूही आली. तरी बहुवाहिनी भाग तबकडीतच राहून गेलेला असतो. दुसरा थर वाचण्याची क्षमता प्लेस्टेशन-३ या खेळयंत्राच्या आरंभीच्या प्रतिमानांत आणि नंतरच्या काही ब्लू-रे यंत्रांत आढळून आली. केवळ संगीतासाठी काढलेल्या ब्लू-रे तबकड्या २०१३ पासून अधिक प्रमाणात दिसू लागल्या. त्यांवरही बहुवाहिनी ध्वनी विनागळतीचा असू शकतो.

४. प्रतिलेखनाची रीत

वरील प्रकार ध्यानात घेतले म्हणजे प्रतिलेखनाचे नियम आपोआप स्पष्ट होतात.

पहिला नियम असा की, तबकडीवरील आकडे जसेच्या तसे उचलावेत. जो ध्वनी मुळातच गाळून लहान केलेला आहे तो उलगडून मोठ्या फाइलमध्ये भरल्याने सुधारत नाही, फक्त फुगतो. आणि पुन्हा दुसऱ्या गाळणीच्या योजनेत घातल्यास अधिकच खालावतो. डॉल्बी डिजिटलचा प्रवाह म्हणून मूळ स्वरूपातच ठेवणे श्रेयस्कर होय.

दुसरा नियम विनागळतीच्या संक्षेपाचा. फ्लॅक ही २००१ पासून सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असलेली योजना फाइलचा आकार पुष्कळ कमी करते, तरी उलगडल्यावर मूळ आकडा न आकडा परत देते. एका फाइलमध्ये आठ वाहिन्यांपर्यंत तिची झेप आहे, आणि २०२४ मध्ये तिला इंटरनेटच्या अधिकृत मानकांत स्थान मिळाले. एका कंपनीच्या मर्जीवर जिचे आयुष्य अवलंबून नाही अशी योजना दीर्घकालीन संग्रहास अधिक विश्वसनीय असते.

तिसरा नियम वाहिन्यांच्या क्रमाचा. फ्लॅकमध्ये सहा वाहिन्यांचा क्रम पुढील डावी, पुढील उजवी, मधली, अतिमंद, मागील डावी, मागील उजवी असा असतो. डॉल्बी डिजिटलच्या प्रवाहात डावी, मधली, उजवी, मागील दोन आणि शेवटी अतिमंद असा क्रम आढळतो. एका क्रमातील आकडे दुसऱ्या क्रमाच्या फाइलमध्ये तसेच ओतले तर मधला गायक उजवीकडे सरकतो आणि ढोलाचा मंद नाद मागच्या ध्वनिक्षेपकातून येऊ लागतो. आकडे सर्व शाबूत असतात, परंतु त्यांचा अर्थ पालटलेला असतो. भाषेच्या अभ्यासकाला हे निराळे समजाविण्याची आवश्यकता नाही. पदक्रम ढळल्यावर वाक्याचे काय होते ते तो जाणतोच.

चौथा नियम सुपर ऑडिओ सीडीपुरता. तिच्यावरील एकबिटी प्रवाह शक्य तर मूळ रूपातच ठेवावा. नेहमीच्या मापांत त्याचे रूपांतर करणे भाग पडल्यास ८८,२०० हा नमुना-दर सोयीचा, कारण २८,२२,४०० ला त्याने ३२ वेळा पूर्ण भाग जातो. या पद्धतीत श्रवणकक्षेच्या वर जी कृत्रिम खरखर साठलेली असते ती रूपांतराच्या वेळी गाळावी लागते. ही एक निवडच आहे. म्हणून ती लिहून ठेवली पाहिजे.

पाचवा नियम पडताळ्याचा. एकच तबकडी दोनदा वाचून दोन्ही प्रतींची आकडेवार तुलना करावी, आणि प्रत्येक फाइलचे चेकसम नोंदवून ठेवावे. पुढे कधीही ते पुन्हा काढून फाइल बदलली आहे की नाही हे क्षणात सांगता येते. तबकडीचे नाव, प्रकाशक, वर्ष, प्रकार, वापरलेले यंत्र, प्रतीची तारीख व केलेले प्रत्येक रूपांतर यांची नोंद ध्वनीच्या शेजारीच असावी. ध्वनिग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत जुन्या ध्वनींच्या प्रतीसाठी ४८,००० चा नमुना-दर व २४ बिटे ही किमान मर्यादा सांगितली आहे. अभ्यासकाने स्वतःच्या कामातही तिच्या खाली उतरू नये.

५. माडिया भाषेच्या दृष्टीने

संगीताच्या रसिकाला या साऱ्या काटेकोरपणाचा लाभ रसास्वादापुरता होतो. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्यात पुरावाच गुंतलेला असतो. माडिया ही गोंडीच्या गोतातील द्राविड भाषा होय. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मुंडा व द्राविड भाषांना वाहिलेला चौथा खंड १९०६ साली निघाला आणि त्यात गोंडीचा परामर्श आहे. परंतु माडिया भाषेचे बहुतांश वाङ्मय मौखिक आहे. जेथे लिखित परंपरा अल्प असते तेथे ध्वनिमुद्रण हेच हस्तलिखित. आणि हस्तलिखिताची प्रत करताना अक्षरे गाळण्याची मुभा कोणालाच नसते.

एक उदाहरण पुरेसे होईल. गोंडी बोलींच्या वर्गीकरणात शब्दारंभीच्या ‘स’काराची गती हे एक महत्त्वाचे गमक मानले जाते. काही बोलींत तो टिकतो, काहींत त्याचा ‘ह’ होतो आणि काहींत तो लोप पावतो. मीठ या अर्थाच्या शब्दाची ‘सोवर’, ‘होवर’, ‘ओवर’ या धर्तीची रूपे भिन्न बोलींत मिळतात ती याच कारणाने. आता ‘ह’ हा ध्वनी अत्यंत क्षीण असतो, केवळ श्वासाची झुळूक. फेरातील गीतात तो ढोलाच्या आघाताशेजारी येऊन पडला तर एमपी-३ सारखी योजना त्याला धोका पोचवू शकते. कारण या योजनेचे तत्त्वच असे की, मोठ्या ध्वनीच्या आडोशाला असलेला लहान ध्वनी कानाला जाणवत नाही, सबब तो ढोबळपणे लिहावा किंवा गाळावा. करमणुकीसाठी हे तत्त्व चातुर्याचे आहे. परंतु ‘ह’ होता की नव्हता हाच जेथे प्रश्न आहे तेथे गाळलेल्या प्रतीने दिलेले उत्तर ग्राह्य मानता येत नाही. प्रतीत ‘ह’ न आढळणे हा बोलीचा गुण की यंत्राची निवड, हे मग कोणी सांगावे?

दुसरा धोका सहा वाहिन्या दोहोंत मिसळण्याचा. या मिश्रणात मधली व मागील वाहिनी प्रत्येकी सुमारे ०.७ पट करून पुढच्या वाहिनीत मिळविण्याचा प्रघात आहे. एकाच गायिकेचा स्वर दोन मायक्रोफोनांपर्यंत निरनिराळ्या अंतरांवरून पोचला असेल, आणि त्या अंतरांतील फरक एक मीटर असेल, तर दोन्ही नोंदी मिळविताच सुमारे १७२, ५१६, ८६०, १२०४ अशा कंपनसंख्यांपाशी ध्वनी क्षीण होतो. स्वरांची ओळख पटविणारे स्पंदनसमूह याच टापूत, म्हणजे साधारणतः ३०० ते २,५०० कंपनांच्या दरम्यान असतात. म्हणून मिश्रित प्रतीवरून ‘ए’ आणि ‘ओ’ यांची मापे घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात भाषेचे वैशिष्ट्य म्हणून जे दिसेल ते कदाचित मिश्रणाचे कृत्य असेल. स्वतंत्र वाहिन्या जपलेल्या असल्या तर तोच विद्यार्थी गायिकेच्या सर्वांत जवळची वाहिनी निवडून निर्वेध मापे घेऊ शकतो.

तिसरी गोष्ट रचनेची. रेल्यात एका गटाची ओळ संपण्यापूर्वीच दुसरा गट ती उचलू शकतो. अशा वेळी दोन ओळींचे शब्द एकमेकांवर चढतात. एका वाहिनीत त्यांचा गुंता होतो. दिशा सांभाळलेल्या वाहिन्यांत तो सुटू शकतो. ओळ उचलताना शब्दाचे रूप बदलते का, ध्रुपदातील अर्थहीन भासणारे वर्ण दोन्ही गट सारखेच उच्चारतात का, हे प्रश्न त्यानंतरच विचारता येतात. हेमलकसा येथे फेराचे मुद्रण योजणाऱ्या अभ्यासकाने म्हणून प्रत्येक मायक्रोफोनची वाहिनी वेगळी ठेवावी आणि कोणता मायक्रोफोन कोणत्या दिशेस होता याचा आराखडा त्याच दिवशी काढावा. व्यापारी तबकड्यांवर हे क्रम मानकांनी ठरलेले असतात. क्षेत्रीय मुद्रणात ते अभ्यासकाच्या वहीखेरीज कोठेही नसतात.

६. कायद्याची मर्यादा

विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःपुरती प्रत करणे विधिसंमत आहे काय, हा प्रश्न निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतीने सोडविलेला आढळतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली वैयक्तिक प्रतीला स्पष्ट सूट देण्यात आली, परंतु २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती रद्दबातल केली. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने तबकडीवरील तांत्रिक कुलूप उघडणे हेच सामान्यतः निषिद्ध ठरविले.

भारतात १९५७ चा प्रतिलिपी अधिकार अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ५२ च्या आरंभीच्या खंडात संशोधनासह खाजगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित व्यवहार अधिकारभंगातून वगळला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ही सूट संगणकीय आज्ञावली सोडून सर्व प्रकारच्या कृतींना, अर्थात ध्वनिमुद्रणांनाही, लागू झाली. आणि या हेतूने कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविणे हाही भंग नव्हे असे स्पष्टीकरण जोडण्यात आले. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे अधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. येथे हेतू हा शब्द महत्त्वाचा आहे. अधिनियमाने ज्या प्रयोजनाला स्पष्ट मनाई केलेली नाही त्यासाठी केलेले कृत्य या कलमातून वगळले आहे. मात्र दुसऱ्याला असे साह्य करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असे बंधनही घातले आहे.

‘उचित’ या शब्दाची व्याख्या अधिनियमात नाही. ती प्रत्येक प्रकरणात न्यायालयाने करावयाची असते. तथापि विवेकाची सीमा ओळखणे कठीण नाही. तबकडी स्वतःची असावी, प्रत स्वतःपुरती असावी, तबकडी विकून प्रत ठेवू नये आणि प्रत मित्रमंडळींत वाटू नये. ध्वनिमुद्रणावरील अधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. तबकडीचा व्यापार बंद पडला म्हणून तो संपत नाही.

क्षेत्रीय मुद्रणांबाबत जबाबदारी उलट दिशेने येते. परंपरागत गीताचा कर्ता अज्ञात असला तरी ते प्रत्यक्ष गाणाऱ्याला त्याच्या प्रयोगावर अधिकार आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर प्रयोगकर्त्यांचे अधिकार अधिनियमात आले, आणि त्यांची मुदत आज ५० वर्षांची आहे. म्हणून फेरातील गायिकांची अनुमती प्रथम घ्यावी, ती कशासाठी आहे हे त्यांच्या भाषेत सांगावे, आणि स्वतःच्या अभ्यासासाठी घेतलेली प्रत परस्पर प्रसिद्ध करू नये. तबकडीच्या प्रकाशकाचा अधिकार जपणाऱ्याने माडिया गायिकेचा अधिकार विसरणे हे न्यायाला धरून होणार नाही.

७. समारोप

ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. ९७ भाषा-बोलींची दोनशे चाळीसच्या घरातील ही मुद्रणे आज डिजिटल रूपात कोणालाही ऐकावयास मिळतात. या तबकड्यांवर एकेक निवेदक कर्ण्यापुढे बसून बोलतो. त्याच्या भोवतालचे जग त्या कर्ण्यात मावले नाही. ती त्या काळच्या साधनांची मर्यादा होती. आज साधन आहे. अशा स्थितीत प्रत करतानाच्या अनवधानाने तीच मर्यादा पुन्हा ओढवून घेणे मात्र समर्थनीय नाही.

हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. तेथे वैद्यकीय सेवेसाठी गेलेल्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना प्रथम माडिया भाषा शिकावी लागली. रोग्याचे म्हणणे समजल्यावाचून उपचार होणे नव्हते. १९७६ पासून तेथे आश्रमशाळा चालू आहे, आणि माडिया घरातून मराठी शाळेत येणाऱ्या मुलांच्या तेव्हापासून अनेक पिढ्या झाल्या आहेत. शाळेची भाषा आणि फेराची भाषा यांतील अंतर जसजसे वाढते तसतसे जुन्या गीतांच्या विश्वसनीय नोंदीचे मोल वाढत जाते.

अशा परिसरात काम करणाऱ्याने दोन प्रकारच्या प्रती ठेवाव्यात. एक मूळ प्रत : सर्व वाहिन्यांची, विनागळतीची, नोंदींसह व चेकसमसह. तिच्या किमान तीन नकला असाव्यात, आणि त्यांतील एक जिल्ह्याबाहेर असावी. कारण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, आणि दमट हवेत तबकड्यांचा भरवसा धरता येत नाही. दुसरी उपयोगाची प्रत : दोन वाहिन्यांची, लहान आकाराची, ज्यांनी गायिले त्यांना त्यांच्या मोबाइल फोनवर ऐकता येईल अशी. मूळ प्रतीपासून उपयोगाची प्रत केव्हाही काढता येते. उपयोगाच्या प्रतीपासून मूळ प्रत कधीही परत मिळत नाही. हा क्रम ज्याच्या ध्यानात राहील त्याच्या हातून तबकडीचेही नुकसान होणार नाही आणि तीवरील भाषेचेही नाही.